पहिलं पाणी

शनिवारी दुपारी फादर आडवे झाले
की मी आल्ताराची फडकी घेऊन मागच्या पडवीत बसते.
एक प्याला पुसायचं, एक बोटं पुसायचं,
आणि ते चौकोनी, ज्यावर भाकर ठेवतात.
त्यात एखादी कणी असेल म्हणून
झोपलेल्या पोराची मूठ उघडावी
तशी त्याची घडी उघडायची.

आनास्तास मावशीनं शिकवलं होतं :
पहिलं पाणी मोरीत नाही.
गटारीत तर नाहीच नाही.
मातीत.
का, म्हणून विचारलं तर म्हणाली,
"तुझ्या पोराचं रक्त सांडलं, तर त्यावर पाय देतीस काय गं?"
एवढंच माझं धर्मशिक्षण.
बाकीचं रविवारच्या वर्गात, बोटं मोजत,
सात संस्कार.
सातवा नेहमी विसरायचा.

भांडं खानापुरी मातीचं.
काठ जरा वाकडा, म्हणून कुंभारानं दहा रुपये सोडले.
लोकांना वाटतं पाणी लाल होत असेल.
होत नाही.
जरासं पिवळट, आंबूस वास,
बास, एवढंच.

बस्त्यांव कौलांच्या कारखान्यात होता,
एकतीस वर्षं मातीत हात.
शेवटच्या रात्री फादर तेल घेऊन आले,
कपाळाला लावलं, मग दोन्ही तळव्यांना.
कपाळाचं कापसानं टिपलं.
तळव्यांच्या भेगांत गेलं
ते काही परत आलं नाही.
प्रार्थना मराठीत चालली होती, मी आमेन म्हणत होते,
आणि तो मध्येच कोंकणीत म्हणाला, उदक.
चमच्यानं दिलं. अर्धं हनुवटीवरनं ओघळलं.
ते कुठल्या संस्कारात बसतं
हे विचारायचं राहूनच गेलं.
कापूस जाळला. राख मातीत घातली.

माती म्हणजे कंपाउंडच्या भिंतीकडेची अबोली.
अठरा वर्षं सगळं तिलाच.
फुलते पण कशी, लाजलज्जा सोडून!
लग्नाच्या पोरी येतात, नोव्हेनाच्या बायका येतात,
खत काय घालतीस विचारतात.
मी म्हणते, काही नाही, फडक्यांचं पाणी.

परवा, सोमवारी, पलीकडच्या गंगव्वानं
भिंतीवरनं हात पुढं केला.
"अक्का, हूव कोडरी."
तिच्या बसवण्णाला हवी होती.
माझा हात देठावर थांबला.
कण, थेंब, बस्त्यांवच्या कपाळाचं तेल,
अठरा वर्षांचे शनिवार त्या देठांतनं वर चढलेले,
आणि आता दगडाच्या बैलाच्या मस्तकावर जाणार?
फादरना उठवावं, तर ते औषध घेऊन झोपलेले.
मावशी तर कबरस्थानात, फणसाखालच्या तिसऱ्या ओळीत.
गंगव्वाचा हात तसाच. कोपराला शेण लागलेलं.

मग आमचा बैल आठवला.
नाताळच्या गोठ्यातला, मातीचा,
बाळाच्या अगदी नाकाशी नाक लावून बसणारा.
एक शिंग मोडकं.
दर डिसेंबरात मीच चिकटवते फेविकॉलनं,
आणि दर जानेवारीत ते पेटीत पुन्हा पडतं.
त्याला कुणी विचारलं होतं, तू कुठल्या देवाचा म्हणून?

ओंजळभर तोडून दिली.
वर दोन कळ्या, उद्याला.

संध्याकाळी ती परत आली,
जुनेराच्या तुकड्यात खोबरं आणि गूळ बांधून.
उंबऱ्यात उभं राहूनच खाल्लं,
गोड होतं.

आज ते फडकं धुवायला घेतलंय, परत द्यायचंय.
शिवणीत खोबऱ्याची एक कणी अडकलेली.
भांड्यात पाणी घेतलं, पिळलं,
आणि बसून राहिलेय,
हे पहिलं पाणी
कुठं ओतू?