इल्ले नोड्री, इकडे बघा

पहिलं लग्न फुकट काढलं, आत्तेभावाचं, बेनाडीत.
कॅमेरा भाड्याचा, लेन्स सदलग्याच्या रमजानची,
तिचा झूम मध्येच अडकायचा,
म्हणून त्या अल्बममध्ये सगळी माणसं
असतात त्यापेक्षा एक पाऊल जवळ आलीत.
आत्या अजून म्हणते, तसले फोटो परत जमले नाहीत तुला.

मग कळलं, धंदा कॅमेऱ्यात नसतो.
तो असतो कार्यालयाच्या मॅनेजरकडे,
जो तारखांची वही उशाखाली घेऊन झोपतो.
त्याच्या नातवाच्या बारशाला मी न बोलावता गेले, फ्रेमसकट.
तो असतो मेंदीवाल्या तस्लीमकडे :
नवरीला तीन तास हलता येत नाही तिच्यासमोर,
तीन तासांत माझा विषय निदान दोनदा निघतो.
मी तिच्या मेंदीचे फोटो काढते,
ती माझं नाव काढते.
आचारी गुरुपादप्पा म्हणतो, आधी जेव, मग बोल,
आणि हुग्गीची तिसरी वाटी वाढताना हळूच सांगतो
चिकोडीत कुणाची सोयरीक ठरली.

दुकानाच्या बोर्डावर दोन लिपी.
कन्नड मोठी, मराठी लहान, नियम आहे,
रंगाऱ्यानं पट्टीनं मोजून दिलं.
इन्स्टावर पट्टी नाही.
तिथं मी कधी ही वर लिहिते, कधी ती,
आणि भांडण लागेलसं वाटलं तर
नुसती हळद टाकते, पिवळीधमक, ओळीशिवाय.
मांडवात मात्र दोन्ही तोंडं लागतात :
इकडे बघा, मामा. इल्ले नोड्री, काका.
स्वल्प नग्री, अक्का, स्वल्प नग्री.
कागलचा एक वऱ्हाडी गोंधळून म्हणाला, कुठली नगरी?
अख्खी रांग हसली.
तो फोटो चांगला आलाय.

संकेश्वरच्या पार्टीनं ड्रोन घेतला.
मी स्टूल नेते.

गेल्या वैशाखात निपाणीत, पाठवणीला,
आई मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरून उभी.
पंचवीस वर्षं वखारीत तंबाखू निवडलेली बोटं,
त्यांवर तस्लीमची मेंदी,
आणि मेंदीतूनही ती काळी ती काळीच.
मी दाबलं. एकदाच.
सकाळपर्यंत चाळीस हजारांनी बघितला,
धारवाड, इचलकरंजी, दुबईतलं कुणी.
दुपारपर्यंत नऊ फोन, दोन तर अॅडव्हान्स घ्या म्हणणारे.
दहावा तिचा.

"माझी बोटं दिसालीत की गं बाई त्यात.
तिच्या सासरची बघालेत."

म्हणणार होते, मावशी, लोक रडलेत तो बघून.
म्हणणार होते, नऊ फोन.
तोंडातून आलं, काढते.
फोटो काढणं आणि फोटो काढून टाकणं,
क्रियापद एकच आहे,
एवढी वर्षं धंदा करून लक्षात आलं नव्हतं.

तिनं फोन ठेवला नाही.
मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला.
मग म्हणाली,
"एक कागदावर दे पण. मोठा.
बोटं ऱ्हाऊ देत."

बारा बाय अठरा, मॅट.
साडेचारशे रुपये तिनं दहा-वीसच्या नोटांत मोजले,
मी परत मोजून घेतले.
नको म्हटलं असतं तर फोटोही तिथंच ठेवून गेली असती.

काल हुक्केरीहून एक बाई बोलत होत्या :
ते हातांचं फोटो काढलेल्या तुम्हीच काय री?
कुठं दिसत नाही आता.
म्हटलं, तसा फोटो माझ्याकडे नाही.
तारीख सांगा.