चौदावं कलम

घरमालकीण म्हटलं की लोकांना वाटतं
हिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
एकतीस वर्षं मी हॉटेलातल्या चादरी बदलल्या, इथेच, मॉन्ट्रियलमध्ये,
परक्यांच्या झोपेचे डाग काढत.
त्यातून हे दोन मजले.
त्यातही स्वयंपाकघरापासून मागचा भाग अजून बँकेचा,
असं मी धरून चालते.

वर विल्नेर देझिनोर. बेकरीत रात्रपाळी.
भाडं एक तारखेला, नोटांना पावाचा वास.
तक्रार नव्हती.
मग नोव्हेंबरात माझ्या छतावर पावलं वाढली.
आधी एका बाईची. त्याची बहीण, नंतर कळलं.
मग तिसरी, पण ती पावलं नव्हेत:
तळहात आणि गुडघे,
सकाळी सहाला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

कलम चौदा: भाडेकरू, आणि फार तर आणखी एक.
मी दोरीवरच्या मोज्यांचा फोटो काढला.
अंगठ्याएवढे मोजे.
पुरावा क्रमांक एक.

भाड्याचं घर, खाली कर.
एका श्वासाचं काम,
नोटिशीला तीन पानं लागली.

त्यानंही जमवलं होतं.
भिंतीवरचा थर्मामीटर, शेजारी वर्तमानपत्र,
तारीख दिसेल असं धरलेलं.
चौदा अंश. सोळा. पुन्हा चौदा.
बॉयलरची चावी माझ्या मजल्यावर आहे, हे खरं.
रात्री मी ती पिळते, हेही खरं.
तेलाचं बिल कुणी पाहिलंय?
मी स्वतः दोन स्वेटर घालून झोपते.
हे कायद्यात बसत नाही,
अधिकारीबाई म्हणाल्या, चष्म्याच्या वरून.

कोर्टाची पायरी शहाण्यानं चढू नये.
आम्ही दोघंही लिफ्टनं गेलो होतो.
एकाच लिफ्टनं, आकड्यांकडे बघत.

बाळ माणसांत मोजायचं की नाही,
यावर अकरा मिनिटं.
निकाल असा: त्यांनी उन्हाळ्यापर्यंत राहावं,
थंडीचे पैसे मी भाड्यातून वळते करावेत,
पुढचा करार नव्यानं लिहावा.
कोण जिंकलं, ते मी बहिणीला फोनवर
दोनदा सांगितलं, दोन तऱ्हांनी.

परतायला बस एकच.
तो पुढे, मी मागे.
उतरायचा थांबाही एकच, त्याला काय करणार?

इथले जिने घराबाहेर असतात,
लोखंडी, गोगलगायीसारखे वळलेले.
आमचा दुपारभरात काच होऊन बसला होता.
त्यावरून मी कधी जात नाही.
जिना माझा, पाय त्यांचे.
करारात एकवीस कलमं.
भिंतीत खिळा किती खोल ठोकायचा, तेसुद्धा आहे.
मिठाची बादली कुणी उचलायची, ते नाही.

तो खाली उभा. मी खाली उभी.
वर खिडकीत त्याची बहीण,
कडेवर पुरावा क्रमांक एक,
एकाच पायात मोजा.

मी आत जाऊन बादली आणली.
तोवर त्यानं फावडं हुडकलं होतं, माझंच, न विचारता.
वरून सुरू करायचं की खालून,
यावर आमचं पुन्हा बिनसलं.