टक् टक्

उणे एकतीस. प्रिन्स अल्बर्टमध्ये
नदीसुद्धा वाजेनाशी झालेली.
हॅल्वरसन म्हातारा गाडी आत घेतो, कुरकुरतो,
"माझ्याकडे भट्टी, कुत्र्याकडे सैबेरिया."
कुत्र्याच्या अंगात मुलाचा जुना स्वेटर.

ओरिसिया इंजिन बंद करते, किल्ली पुन्हा फिरवते.
टक् टक् टक्. मग गप्प.
दार ठोठावून कुणी परत गेल्यासारखं.
कुत्र्याचा एक कान तेवढा वळतो:
ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, जरा वर.

"थर्मोस्टॅट बदलला. तीनशे डॉलर गेले."
"गेले," ती म्हणते. "पाणी गरमच होतं."

दोन स्क्रू. हात कोपरापर्यंत आत.
बोटाने झडप ढकलून पाहिली,
सरसर फिरली. म्हणजे तिची चूक नाही,
फिरवणाऱ्याची.

काडेपेटीएवढी मोटर,
पोटात पांढरं प्लास्टिकचं चाक, तीन दात पडलेलं.
म्हातारा ते तळहातावर धरून बघत राहतो,
जीभ नकळत स्वतःच्या हिरडीवर.

नवी गुरुवारी येईल, रस्ता उघडा असला तर.
तोवर झडप ती हातानेच
उबेकडे लावून ठेवते.

कुत्रा आधी वारा हुंगतो.
मग स्वेटरातून
एक पाय बाहेर काढतो.