गाली

वाऱ्याशी माझं लहानपणापासूनचं वैर.
विड्या वळणाऱ्यांच्या घरात खिडकी बंद असते,
वैशाखातसुद्धा.
एका झुळकेत सुपातली तंबाखू भिंतीला जाऊन बसते,
मग कारखान्यात तोल कमी भरला
की क्लार्क माझ्याकडं बघतो,
वाऱ्याकडं नाही.

आणि ह्या माणसानं,
तीस वर्षं लूमवर जॉबरकी करून घरी बसल्यावर,
वारा घरात घ्यायचं ठरवलं.

मंगळवार बाजारातनं मोटर आणली,
कुठल्यातरी श्रीमंताच्या
जागच्या जागी पळायच्या मशीनमधली.
सहा इंची पाइप उभा चिरला, तीन पाती कापली,
कानशीनं घासली,
तोलली माझ्याच तंबाखूच्या तराजूत.
एक पातं चार विड्यांनी जड निघालं.
परत घासलं.

रविवारी दासरीमामा आले, खालचा पाशाभाई आला,
गच्चीवर खांब उभा राहिला,
चार कोपऱ्यांना चार तारा ओढल्या.
हा तार बोटानं वाजवून बघत म्हणाला,
"ताणा झाला. बाणा वरनं येईल."

रात्री वारा सुटला
आणि घर गुरगुरायला लागलं.
खांबातनं स्लॅबमध्ये, स्लॅबमधनं भिंतीत,
मांडणीवरच्या ताटल्या दात वाजवत बसल्या.
मी कानावर चादर ओढली.
हा मात्र दोन वर्षांत पहिल्यांदा
गाढ झोपला,
तोंड उघडं टाकून,
शेजारी लूम चालू असल्यासारखा.

पाशाभाईनं सकाळी तक्रार केली, बरोबरच होती.
खांबाखाली ट्रकच्या ट्यूबचे तुकडे घातले.
आवाज गेला.
ह्याची झोपपण गेली.

मग रोज संध्याकाळी व्होल्ट लिहायचे,
विडीच्या जुन्या लेबलांच्या पाठीवर.
मार्गशीर्षात नुसती शून्यं.
मी म्हटलं, एवढी शून्यं आकड्याच्या पुढं असती तर.

संक्रांतीला सगळं घरकुल गड्ड्याला गेलं
आणि मामांच्या वीरेशचा पतंग पात्यात शिरला.
मांजा दांड्याला गुंडाळला, रिळासारखा घट्ट.
पोरगं खाली रडतंय.
कोणीही कापला असता.
ह्यानं ब्रेक लावला, शिडी लावली,
टोक शोधलं,
अर्धा तास एकेक फेरा उलटा सोडवत बसला.
सूत तोडायचं नसतं म्हणाला.

आमच्या तेलुगूत वाऱ्याला गाली म्हणतात.
आषाढात मी गच्चीवरनं ओरडले,
"गाली वच्चिंदी! गाली वच्चिंदी!"
पाशाभाई खालनं म्हणाला,
"भाभी, सकाळी सकाळी कुणाला शिव्या?"

त्या महिन्यात बॅटरी फुगून आल्यासारखी भरली.
वाया जाऊ नये म्हणून हा दिवसा बल्ब लावायचा.
एकदा कौतुकानं छोटा पंखा घेऊन आला,
माझ्यासमोर ठेवला, बटणावर बोट ठेवलं,
सुपाकडं बघितलं,
आणि मुकाट्यानं उचलून घेऊन गेला.
आता पंखा तो गच्चीवर लावून बसतो,
वाऱ्यात.

काल रात्री अख्ख्या घरकुलाची लाइट गेली.
आमचा एक दिवा तेवढा,
त्याच्याखाली मी.
विचार केला तर गंमत वाटते,
एवढा रानटी वारा तारेतनं उतरतो,
माझ्या मांडीपर्यंत येतो
आणि पान हलत नाही.

नऊशे चाळीस झाल्या
तेव्हा दिवा पिवळा पडायला लागला.
हा झोपलेला. उठवलं नाही.
सुपावर ओला फडका टाकला,
खिडकीची कडी काढली, गंजलेली,
दोनदा हिसका द्यावा लागला,
आणि हात बाहेर धरला.

काही नाही.
कुठंतरी कुत्रं भुंकतंय.

अजून धरलाय.
साठ विड्या राहिल्यात.