आता बरं, की आधीचं?

टिपणीसकाकांच्या दुकानाची वेबसाइट
मी अठरा रात्री जागून केली.
उघडली की आधी धुकं,
धुक्यातून फ्रेमा तरंगत यायच्या
उत्तरायणातल्या पतंगांसारख्या, एकमेकींना काटत,
आणि खाली सूरसागरच्या पाण्यावर
दुकानाचं नाव, थरथरत.
राखाडी. बारीक. फार देखणं.

काका म्हणाले, वा.
मग म्हणाले, बस त्या खुर्चीत.

रावपुऱ्यातली ती रेक्झिन फाटलेली खुर्ची.
समोर दिव्याची पेटी:
वर एकच अक्षर, खिडकीएवढं,
खाली उतरताना लहान लहान होत गेलेली,
अर्धी गुजराती, अर्धी आपली.
नाकावर लोखंडी चौकट. टक्, एक भिंग.
"आता बरं, की आधीचं?"
टक्.
"आता, की आधीचं?"
चाळीस वर्षं हा माणूस
दिवसातून साठ वेळा हेच विचारतो
आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.
मी अठरा रात्रींत
एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

तेवढ्यात फतेपुऱ्याच्या कांताबेन आल्या,
चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली.
काकांनी फोन त्यांच्या हातात दिला.
धुकं आलं.
त्यांनी पदराने काच पुसली.
पुन्हा पुसली.
फ्रेमा उडू लागल्या तशा
बोटाने धरू लागल्या, एकही सापडेना.
"दीकरा, आमां नंबर क्यां छे?"
दुकानाचा विचारत होत्या की डोळ्याचा, कोण जाणे.
दुकानाचा होता तळाशी,
राखाडीवर राखाडी.

त्या रात्री धुकं काढलं.
पतंग उतरवले.
पाणी काढताना हात अडला,
त्या एका लाटेवर माझ्या तीन रात्री गेल्या होत्या.
नंबर वर आणला, खिडकीएवढा.
उरलं ते रेशनच्या अर्जासारखं.

"आता बरं, की आधीचं?"
या वेळी मी विचारलं.
काका चष्मा कपाळावर सारून बघत राहिले.
"दिसतं सगळं. बघावंसं नाही वाटत.
अगं, नंबर अचूक आणि फ्रेम बेढब असली
तर माणूस चष्मा खिशात घालून हिंडतो."

मग एवढंच परत घेतलं:
पान उघडताना नाव किंचित पुसट,
आणि अर्ध्या पापणीत, टक्,
भिंग बसल्यासारखं स्वच्छ.
आणि बटण दाबलं की जरासं आत जातं,
बोटाला कळावं, कुणीतरी ऐकलं.

कांताबेनचा पहिला फोन मंगळवारी आला.
चष्मा झाला का, एवढंच. ठेवून दिला.

जुनी साइट काकांनी टाकू दिली नाही.
दुकानातल्या टीव्हीवर ती दिवसभर चालते.
लहान मुलं खुर्चीत बसतात, रडायचं विसरतात,
मान वर करून उडत्या फ्रेमा बघतात,
आणि काका तेवढ्यात पट्टी धरून
दोन डोळ्यांमधलं अंतर मोजून घेतात.