सुकायला तीन दिवस

रायबंदरच्या माडीवर, खिडकीखालच्या कोपऱ्यात
उल्हास च्यारीने चार पट्टे ओढलेत, वीतवीतभर,
शेजारी पेन्सिलीने आकडे.
भाव तो तोंडी सांगतो, तेही दाराकडे बघत.

पहिला लाखेचा. देखणा,
पण गरम कप टेकला की पांढरं वर्तुळ.
दुसरा जवसाचं तेल.
"लाकूड पितं हे," तो म्हणतो, "पण आषाढात चिकटतं.
नदी इतकी जवळ, बाय, बुरशी येणारच."
तिसरा मेणाचा. त्यावर मी त्याच्यादेखत घसरले,
तेव्हा त्याबद्दल तो काही बोलला नाही.
चौथा डब्यातला, पॉलियुरेथेन.
हा शब्द तो तीन तुकड्यांत म्हणतो
आणि मग एकदा नुसताच मान हलवतो.

फळ्या फणसाच्या.
घासल्यावर खालून ओल्या हळदीचा रंग निघाला.
फटींतलं सगळं त्याने वाटीत काढून ठेवलंय:
टाचण्या, त्या माझ्या क्लासच्या.
शिंपल्याचं बटण, ते कुणाचं कोण जाणे.
जपमाळेचा एक मणी.

मालक लिस्बनला. फोनवर म्हणाले,
खर्च भाड्यात वळता करा,
फक्त जमीन पूर्वीसारखी चमकू द्या.

पूर्वी
अशाच एका माडीवर, दर शनिवारी,
माझी आई अर्ध्या नारळाच्या सोडणावर उजवा पाय ठेवून
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मेण घासत जायची.
हात कमरेवर. पुढे, मागे, पुढे.
दोना एर्मेलिंदा आरामखुर्चीतून सांगायची,
खिडकी दिसली पाहिजे जमिनीत, गजांसकट.
मी जिन्यात बसून तेराचा पाढा
त्या घसरघाशीच्या ठेक्यावर पाठ केला.
वर जायचं नव्हतं. माझ्या पायांना माती होती.

"चौथा," मी म्हणाले. "पण चमक नको. मॅट."
"ओरखडा पडला तर एवढाच भाग नाही भरता येत,
सगळंच घासावं लागतं."
पडू दे.
आठ मशिनं, बारा मुली, खडू, कात्र्या,
कुणाच्या पायाला माती, कुणाच्या पायाला वाळू.

तीन दिवस माडी बंद. वास फेरीधक्क्यापर्यंत.
चौथ्या दिवशी आईला वर आणलं,
एकेका पायरीवर थांबत.
तिने वाकून नखाने ओरखडून पाहिलं.
"खिडकी दिसत नाही गे यात."
नाही दिसत.
"आणि डाग पडला तर?"
ओलं फडकं.
"बस? एवढंच?"
आवाजात थोडा राग होता,
कुणावरचा ते मी विचारलं नाही.

मुली यायला अजून वेळ होता.
मी मशिनवरचे कपडे काढत होते.
ती खिडकीशी उभी, चोडणहून येणारी बोट बघत,
हात कमरेवर,
आणि उजवा पाय, तिच्या नकळत,
पुढे, मागे, पुढे.