एक धागा

सीताबर्डीवरून मॉनिटर आणला ऑटोत,
मे महिन्याची दुपार, खोकं मांडीवर आडवं,
दुपट्टा माझ्या डोक्यावरून काढून खोक्यावर.
सत्तावीस इंच. बारा हप्ते.
पहिला गेल्या स्पर्धेच्या बक्षिसातून,
उरलेले अकरा अजून जिंकायचे आहेत.

तांडापेठेतल्या आमच्या खोलीत
माग होता तिथंच टेबल बसलं.
बाबा पाय सोडून बसायचे तो खड्डा
सिमेंटनं बुजवलाय, तरी अनवाणी पावलाला लागतो.
कुलरचं तोंड मी बाबांकडून वळवलं
स्क्रीनकडे.
कुणी काही बोललं नाही.

"धागे किती?"
उभे दोन हजार पाचशे साठ, म्हटलं,
आडवे चौदाशे चाळीस.
फणीचा हिशेब करावा तसे ओठ हलले.
"आमच्या लुगड्यात याहून जास्त रायत.
पण बरं हाये.
आन् धोटा किती खेपा मारते?"
सेकंदाला दोनशे चाळीस.
"काहीही फेकते वं पोट्टी."

मग मी दाखवलं.
आधी साठवर: बाण जिना उतरल्यासारखा,
पायरी, पायरी, मागे स्वतःचंच भूत ओढत.
मग दोनशे चाळीसवर: तेलाची धार.
बाबा बघत नव्हते, कान लावून होते.
"आवाज नाही याचा," म्हणाले.
"आवाज नाही त कसं समजन, चालू हाये का थांबला?"

त्यांचा उजवा डोळा मार्चमध्ये झाला, मेडिकलला.
डावा अजून बाकी आहे.
पडदा पूर्ण पांढरा केला
तर ते एक डोळा झाकत, मग दुसरा.
उजव्याला नीळ घातलेलं धोतर,
डाव्याला संत्र्याची आतली साल.
"यातलं खरं कोणतं?"
मी सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही करून दाखवले,
थंड, उबदार.
ते म्हणाले, "मंजे तुमाले बी माहीत नाही."

लाल. हिरवा. निळा. परत पांढरा.
मी चारदा बघितलं होतं, दुकानातल्या पोरानंही.
बाबांचं बोट उजवीकडच्या वरच्या कोपऱ्याशी थांबलं,
काचेला न टेकता.
"तुटला."
तीळभरही नव्हता. तिळाच्या टोकाएवढा.
नव्या डोळ्यानं नव्हे, जुन्यानं शोधला असं ते म्हणतात,
यावर आमचं अजून भांडण आहे.
सवयीनं अंगठा जिभेला लावला,
गाठ मारायला पुढे नेला,
आणि मग बनियनला पुसला.

कंपनीला फोन केला.
बाई गोड होती. पाच ठिपके मेले तर बदलून देऊ,
एकाला आम्ही दोष धरत नाही, मॅडम.
स्पीकर चालू होता.
"आमची सोसायटी एका धाग्याचे पैसे कापे,"
बाबा फोनला म्हणाले,
"त्याईले विचार, तिथं कोन बसते आता?"
बाईनं आणखी काही मदत हवी का विचारलं.

शनिवारी रात्री उपांत्य सामना.
टीमचं नाव 'गोळीबार चौक', आमच्याच चौकाचं,
बाहेरच्यांना वाटतं फार विचार करून ठेवलंय.
अनम, देवांशी, मी, आणि जरीपटक्याचे दोघे.
शेवटची फेरी. सगळे मेलेले, मी एकटी.
एक मिलीसेकंदाचा पडदा, घामानं निसटता माऊस,
पांढऱ्या भिंतीच्या वर उजवीकडे
काळं काहीतरी
डोकं काढून बसलेलं.

मी अचूक मारलं.
अगदी मधोमध.

मागून कुणीतरी आलं, मला संपवलं,
हेडफोनमध्ये अनम एवढंच म्हणाली, "तू कोणाला मारत होतीस?"
लाइट होते, कुलर होता, पाणी संपून
नुसती गवताची टट्टी वाजत होती.
बाबा खाटेवर जागे.
"तुटलं?"
हो.
"कुठून?"

मी खुर्ची मागे घेतली,
सिमेंटवरचा तो खोलगट भाग टाचेखाली आला.
पडदा पांढरा केला
आणि बोट ठेवलं.